मास्तर सिगारेट ओढायचे का?

कारखान्यात तिला भिंगबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडा अभिमानही होता. कारखाना तयार कपड्यांचा. शिवून झालेला, काज-बटण लागलेला प्रत्येक शर्ट इस्त्रीला जाण्याआधी तिच्या टेबलावरून जायचा. टेबलावर पांढरा दिवा, हाताशी छोटी कात्री आणि लाल बाणांच्या चिकटपट्ट्या. जिथे खोट दिसेल तिथे बाण. बाकीच्या चेकर शर्ट समोरून बघायच्या, ही आधी उलटा करायची. "माणूस काय आणि शर्ट काय, खरी शिवण आतूनच कळते," असं ती म्हणाली की शिवणाऱ्या बायका एकमेकींकडे बघून डोळे फिरवायच्या.

त्या बायकाही काही कमी नव्हत्या. बाही तिरकी बसली किंवा काखेतली शिवण जेमतेम धरली गेली, तर त्या कॉलरपाशी मुद्दाम एक दोरा लोंबता ठेवायच्या. चेकरची नजर आधी दोऱ्यावर जाते. ती तो कापते, खोट सापडल्याचं समाधान होतं, आणि शर्ट पुढे सरकतो. कारखान्यात याला 'दाणा टाकणं' म्हणत. बाकीच्या चेकर दाणे टिपून मोकळ्या व्हायच्या. भिंगबाईने आजवर एकही टिपला नव्हता. दोरा लोंबताना दिसला की ती उलट सावध व्हायची. हा इतक्या सहज सापडतोय, म्हणजे आत काहीतरी काळंबेरं आहे. घरी जेवायला बसल्यावर ती या हकिगती रंगवून सांगायची, आणि सगळ्यांत जास्त हसायचे ते तिचे वडील.

वडिलांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, गाडीचे. एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसून त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. त्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच होता, पण मास्तर त्यावर पाय ठेवून बसत नसत. "आपण पाय ठेवला की त्याला ते कळतं. मग तो गाडी शिकत नाही, नुसता घाबरायला शिकतो." बायको वारल्यावर ते लेकीकडे राहायला आले. जावई पाणीपुरवठ्यात पाळीवर असायचा, नात शाळेतून आली की आजोबांच्या खोलीत दप्तर टाकायची. घर कसं सुरळीत चाललं होतं.

मग मास्तरांचा आवाज बसला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. दिवसभर 'डावीकडे, डावीकडे, अहो तुमचं डावं, माझं नाही' असं ओरडणाऱ्या माणसाचा आवाज बसायचाच. पण तो उठेना. खोकला आला, खांदा दुखू लागला, जिना चढताना मास्तर मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचा रंग न्याहाळू लागले. फोटो काढले, मग मोठ्या यंत्रातले फोटो काढले, मग सुईने तुकडा काढला. शेवटी डॉक्टरांनी मास्तरांना आणि लेकीला समोर बसवून सांगितलं. उजव्या फुप्फुसात गाठ आहे, आणि ती कॅन्सरची आहे. ती काढण्याजोगी नाही, पण औषधाने आवरता येईल, म्हणाले. मास्तरांनी विचारलं, "गाडी चालवू शकतो का?" डॉक्टर म्हणाले, "सध्या नको." मास्तरांचा चेहरा पडला तो तेव्हा. त्याआधी नाही.

आणि त्या दिवसापासून तो प्रश्न सुरू झाला.

"फुप्फुसाचा? ओढायचे का?"

शेजारीण विचारायची. सुपरवायझर विचारायचा. चुलत नणंदेने फोनवर आधी 'अरे देवा' म्हटलं आणि श्वास न घेता पुढे तेच विचारलं. "नाही हो, कधीच नाही," असं भिंगबाई सांगायची, आणि समोरच्याची एक भुवई वर जायची. 'असं का?' म्हणणारी ती भुवई. फोनवरसुद्धा तिला ती भुवई ऐकू यायची.

सुरुवातीला तिला या माणसांचा संताप आला. माणसावर जिवाला मुकायची वेळ आली आणि यांना त्याचा गुन्हा हवाय! पण रोज तोच प्रश्न कानावर पडून पडून तो एक दिवस तिच्याच जिभेवर येऊन बसला. खरंच, ओढायचे का?

कारण ओढत नसतील, तर मग हे आलं कुठून? तिने घर तपासायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या धुराड्याची जाळी काढून बघितली. भिंतीला ओल आहे म्हणून कपाट सरकवलं. पाण्याचा वास घेतला. नवरा म्हणाला, "पाणी मी स्वतः सोडतो, त्यात काही नाही." तिने त्याच्याकडेही जरा वेळ बघितलं. कोपऱ्यावरच्या गादीवाल्याच्या दुकानातला कापूस उडतो, त्याचा संशय घेऊन झाला. आणि हे सगळं चाललेलं असताना एका सकाळी नात पाव खाता खाता खोकली. नुसता ठसका होता. पण भिंगबाईच्या हातातला चमचा खाली पडला.

"आई, कण अडकला होता. एवढं काय?"

"परत खोक बरं."

"काय?"

"खोकून दाखव. कसा येतो बघू दे."

पोरीने दप्तर उचललं आणि ती निघून गेली. भिंगबाई मात्र तिथेच बसून राहिली. मास्तरांनी ओढली असेल, तर या दुखण्याला कुंपण होतं. ते त्यांच्यापाशी सुरू होऊन त्यांच्यापाशीच संपत होतं. ओढली नसेल, तर ते भिंतीत असू शकतं, हवेत असू शकतं, रक्तात असू शकतं. आणि रक्त तर आत्ताच दप्तर घेऊन बाहेर पडलं होतं.

संशयाचं बी एकदा पडलं की त्याला पाणी घालावं लागत नाही. आता तिला सगळं वेगळं दिसू लागलं. मास्तर दिवसभर पेपरमिंट चघळतात. घशासाठी, असं तिला लहानपणापासून माहीत होतं. पण तोंडाचा वास मारायलाही माणसं पेपरमिंटच चघळतात, नाही का? शिकवण्या बंद झाल्या, गाडी दारात उभी, तरी हे रोज दुपारी 'पाय मोकळे करून येतो' म्हणून गादीवाल्याकडे जातात. गादीवाला त्यांचा जुना मित्र आणि धुराड्यासारखा ओढणारा. दोघं दार लोटून घेतात. दार कशाला लोटायचं?

ती मास्तरांचे कोट हुंगू लागली. खिसे उलटे करू लागली. ते पडले असले की पांघरूण नीट करण्याच्या निमित्ताने तोंडाशी वाकायची. एकदा त्यांनी डोळे उघडले.

"काय बघतेस?"

"काही नाही. पांघरूण सरकलं होतं."

"नाकावरून सरकलं होतं का?"

ती बाहेर आली. वास नुसता पेपरमिंटचाच होता. तोच तर संशयाचा मुद्दा होता.

मग एका सुट्टीच्या सकाळी ती बॅटरी आणि कात्री घेऊन गाडीत शिरली. सीटची कव्हरं उसवून उलटी केली. पायाखालचे गालिचे झटकले. शिकाऊ माणसांनी वर्षानुवर्षं सांडलेलं जग तिथे निघालं. केसांच्या पिना, एक कानातलं, कुणाच्या तरी कोटाचं बटण. अ‍ॅशट्रे पेपरमिंटच्या कागदांनी गच्च भरलेला. आणि मागच्या सीटवर, खाली कोपऱ्यात, एक काळी कड असलेलं गोल भोक. जळालेलं. बोट घातलं तर बरोबर सिगारेटच्या मापाचं.

हात सवयीने खिशात गेला. खिशात लाल पट्टी होती. तिने भोकाशी बाण चिकटवला.

"आई," नात खिडकीतून म्हणाली, "तू पोलिसात का नाही गेलीस गं? आतापर्यंत कमिशनर झाली असतीस."

पोरीच्या मागे मास्तर उभे होते. त्यांनी वाकून आत बघितलं. उसवलेल्या सीट बघितल्या आणि तो लाल बाण बघितला.

"हे काय?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय, बाबा. हे भोक कसलं?"

"मागे बसलेल्या कुणीतरी पाडलं असेल. तू आत जा गं बाळ," ते नातीला म्हणाले. मग लेकीला, "एकाला भर चौकात उतरवलं होतं मी, गाडीत पेटवली म्हणून. त्याचंच असेल."

"त्याचंच कशावरून?"

"मग कुणाचं?"

"खरं सांगा बाबा. मी रागावणार नाही."

"तू रागावलेलीच आहेस." मास्तरांचा आवाज आधीच बसलेला, त्यात ते हळू बोलले, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला. "दवाखान्यात यापुढे तू येऊ नकोस. गादीवाला येईल माझ्याबरोबर."

"म्हणजे? मी मुलगी आहे तुमची! मी रजा टाकल्यात!"

"त्याला माझ्यात काही शोधायचं नसतं," मास्तर म्हणाले आणि घरात गेले.

पुढच्या खेपेला खरोखरच दोघं म्हातारे गेले. त्या दिवशी भिंगबाईने कारखान्यात गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. "आज भिंगावर ऊन पडलंय गं," बायका कुजबुजल्या, "लांब राहा, जाळून काढेल." तिला ते ऐकू आलं. डोळ्यांसमोर दवाखान्यातली खुर्ची होती आणि त्या खुर्चीत तिच्या जागी गादीवाला बसला होता. बाबांजवळ आता किती दिवस आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि जे आहेत त्यांच्या बाहेर त्यांनी तिला उभं केलं होतं.

संध्याकाळी तिने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"औषध सुरू करायचं म्हणाले."

"कुठलं?"

"बाटलीतलं."

गादीवाल्याला विचारलं तर त्यानेही हेच सांगितलं, शब्दाला शब्द लावून. म्हणजे ठरवून आले होते दोघं! काय लपवतायत? दोन दिवस ती त्याच विचारात होती. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्यातून निघाली आणि थेट गादीवाल्याच्या दुकानाशी आली. दार लोटलेलं. फटीतून सिगारेटचा वास. आता सापडले! तिने दार ढकललं.

आत नव्या गाद्यांची चळत होती आणि त्या चळतीवर मास्तर गाढ झोपले होते. डोक्याखाली कोटाची घडी, तोंड उघडं, एक बूट पायात आणि एक खाली. मागचं दार उघडं होतं. तिथे अंगणातल्या पायरीवर बसून गादीवाला धूर सोडत होता.

"हळू," तो म्हणाला. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

ती मागच्या दाराशी गेली. "घरी पलंग आहे की त्यांना, काका."

"आहे ना. पण घरी झोपला की तू नाकाशी येतेस म्हणे. वास घ्यायला."

भिंगबाईच्या कानशिलांना चटका बसला. तरी जीभ थांबेना. "खरं सांगा. ओढतात ना ते तुमच्याबरोबर?"

"माझ्याबरोबर? तो आला की मला इथे हाकलतो. दुकान माझं, आणि मी आपला पायरीवर!"

"मित्र मित्राला पाठीशी घालणारच."

गादीवाल्याने सिगारेट पायरीवर विझवली. तिच्याकडे नीट बघितलं. "पोरी, तुला काय हवंय? त्याने ओढली, असं हवंय का तुला?"

उत्तर 'हो' असं होतं, आणि ते मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. ती आल्या वाटेने परत गेली.

त्यानंतर काही दिवस मास्तर जेवताना तिच्याकडे आणि तिच्या अर्ध्या उरलेल्या ताटाकडे टक लावून बघायचे. गादीवाल्याने त्यांना सगळं सांगितलं असणार, हे तिने ओळखलं. मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "अगं, माझा चष्मा गाडीत राहिलाय बहुतेक. आणतेस?"

ती किल्ली घेऊन गेली. चष्मा समोरच होता. आणि अ‍ॅशट्रेचा खण अर्धवट उघडा होता. तिने तो बाहेर खेचला. पेपरमिंटचे कागद गायब. तिथे तीन थोटकं होती, राख होती, जळक्या काड्या होत्या.

तिच्या अंगात काहीतरी सैल झालं. इतके दिवस आवळून बांधलेलं गाठोडं एकदम सुटावं तसं. ती थोटकं रुमालात घेऊन आत आली आणि मास्तरांसमोर टेबलावर ठेवली.

मास्तरांनी मान खाली घातली. "सापडलं शेवटी."

"किती वर्षं?"

"बरीच."

"आई होती तेव्हासुद्धा?"

"तिला ठाऊक नव्हतं."

मग ती बोलली. पोटभर बोलली. तुम्हाला आमची काळजी नाही, नातीचा तरी विचार करायचा, मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत, आणि आताही ओढता, आताही! शेवटी रडली. मास्तर सगळं ऐकत राहिले. तिचं रडणं थांबल्यावर म्हणाले, "चुकलं माझं. सोडली आजपासून. पुढच्या खेपेला तूच चल माझ्याबरोबर. गादीवाल्याला तिथली खुर्ची टोचते म्हणतो."

काय सांगावं, त्यानंतरचे दिवस बरे गेले. भिंगबाईला झोप लागू लागली. पोरगी खोकली तरी चमचा हातातच राहिला. मास्तर पुन्हा आपल्याच पलंगावर दुपारचे झोपू लागले आणि कुणी त्यांच्या तोंडाशी वाकेना. सुपरवायझरने पुन्हा चौकशी केली तेव्हा तिने सरळ सांगितलं, "हो, ओढायचे. लपून." तो म्हणाला, "तरीच!" शेजारीण म्हणाली, "तरीच!" त्या एका शब्दाने सगळ्यांचं समाधान झालं. सगळ्यांनी आपापल्या घराची दारं लावून घेतली. दुखणं आता मास्तरांचं होतं, आपलं नव्हतं.

नात तेवढी म्हणाली, "आजोबा? काहीतरीच काय!" तिला भिंगबाईने गप्प केलं.

दवाखान्याच्या आदल्या दिवशी टेबलावर एक शर्ट आला. निळा, बारीक रेघांचा. कॉलरपाशी दोरा लोंबत होता. तिची कात्री उचलली गेली आणि तिथेच थांबली. तिने शर्ट उलटा केला. काखेतली शिवण दोन टाक्यांवर तगली होती. तिने बाण लावून शर्ट परत दिला, तर शिवणारी बाई हसली. "मी या पोरींना सांगत होते, भिंगबाईंना दाणा टाकून उपयोग नाही."

भिंगबाई खुर्चीत बसली, ती बसूनच राहिली.

चष्मा. मास्तरांचा चष्मा दोरीने गळ्यात असतो. तो गाडीत कसा राहील? आणि ज्याने वर्षानुवर्षं बायकोपासून लपवलं, तो अ‍ॅशट्रेचा खण अर्धा उघडा ठेवून लेकीलाच गाडीत पाठवेल?

सदोष कपड्याचा नमुना पिशवीत घालून ठेवायची तिला सवय होती. गाडीतल्या थोटकांतलं एक तिने तसंच पर्समध्ये ठेवलं होतं. ते तिने पांढऱ्या दिव्याखाली धरलं. फिल्टर कापसासारखा शुभ्र होता. दात नाही, ओठ नाही, पिवळेपणा नाही. सिगारेट एका बाजूने जास्त जळलेली होती. कुणीतरी ती पेटवून अ‍ॅशट्रेत ठेवून दिली होती आणि ती आपली आपण जळत गेली होती. खणात काड्याही सिगारेटींपेक्षा कितीतरी जास्त होत्या, हेही आता आठवलं. न ओढता पेटवायची म्हणजे काड्या लागणारच.

रोज जेवताना तिने स्वतःच त्यांना ही युक्ती शिकवली होती.

तरीही मन थांबेना. दाणा असेल, तर आतली खोट कोणती? दाणा टाकणारी बाई तिरकी बाही झाकते. मास्तरांनी काय झाकलं? तिने गेल्या काही महिन्यांची प्रत्येक शिवण पुन्हा उलटी करून बघितली. आत काहीच नव्हतं. सिगारेट नव्हती आणि कारणही नव्हतं. हे कारण नसणंच त्यांनी तिच्यापासून झाकलं होतं.

घरी जाताना तिने ठरवलं, बोलायचं नाही. बोलले तर त्यांना वाटेल, हिची तपासणी परत सुरू झाली. उद्या पुन्हा गादीवाला जाईल आणि आपण बाहेर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दाणा टिपायचा आणि शर्ट पुढे सरकवायचा.

दवाखान्यात खुर्च्या खरोखरच टोचत होत्या. गादीवालाही आला होता, 'नुसता सोबतीला', काखेत स्वतः शिवलेली उशी घेऊन. तो बाहेर बसला. मास्तर आणि भिंगबाई डॉक्टरांसमोर गेले. डॉक्टर नवीन होत्या, तरुण, बोलताना थेट डोळ्यांत बघणाऱ्या.

"तुम्ही कधीच सिगारेट ओढली नाही, असं आधी सांगितलंय. बरोबर?"

मास्तरांनी एकदा लेकीकडे बघितलं. "नाही. म्हणजे, ओढायचो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "नक्की काय? मला हे नीट कळायला हवं. पुढच्या तपासण्या आणि औषध बघताना मी हे धरून चालणार आहे."

"बरीच वर्षं ओढली. लपून." पाठ केल्यासारखं. गादीवाल्याने 'बाटलीतलं' म्हटलं होतं, अगदी तसं.

गप्प राहिलं तर तिची जागा पक्की होती. बोललं तर बाबांना दुसऱ्यांदा खोटं पाडायचं, तेही त्यांच्याच डॉक्टरांसमोर.

"बाबा खोटं बोलतायत," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"डॉक्टर, या माणसाचा एक खिसा मी सोडलेला नाही. कोट हुंगलेत. गाडीच्या सीट उसवल्यात. झोपेत तोंडाचा वास घेतलाय. पेपरमिंटशिवाय काही सापडलं नाही. थोटकं यांनी स्वतः जाळून ठेवली. माझ्यासाठी."

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते.

"कधीच नाही?"

"कधीच नाही," मास्तर म्हणाले. आवाज आणखीच बसला होता.

"मग कशामुळे झालं?" भिंगबाईने विचारलं. विचारताना तिच्या लक्षात आलं की आपण टेबलाची कड घट्ट धरलीय.

"न ओढणाऱ्यांनाही होतो. आणि कशामुळे झाला, ते दर वेळी कळतंच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शोधलं तरी."

"झालं समाधान?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"वाटलंच मला."

बाहेर आल्यावर नर्सने सांगितलं, औषध चढवताना आत एकच माणूस. भिंगबाई आपणहून मागे सरकली. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, गादीवाल्याने उशी उचललीही होती. पण त्याने ती तिच्या हातात कोंबली. "जा तू. मला तिथला वास सोसत नाही."

"तुम्हाला? वास?"

"माझंही नाक आहे, बाई."

तिने मास्तरांकडे बघितलं. ते कोटाची बटणं उगाच लावत होते, काढत होते. "चल," ते म्हणाले. "पण मला काही विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"शपथ नको घेऊस. मोडशील."

आत खिडकीजवळची खुर्ची मिळाली. तिने उशी पाठीमागे लावली. मग मास्तरच म्हणाले, "ओळखलंस कशावरून?"

"ओठ लागले नव्हते."

"एक लावून बघितली होती. खोकून खोकून जीव गेला. म्हटलं, कॅन्सरच्या आधी हीच नेईल. मग बाकीच्या नुसत्याच जाळल्या." ते हसले आणि हसता हसता खोकले. तिने पाणी दिलं. "तुला जेवण जात नव्हतं गं. म्हणून केलं."

तेवढ्यात नर्स आली आणि तिने वरच्या खुंटीला औषधाची बाटली अडकवली. भिंगबाई ताडकन उठली.

"थांबा. त्यावर नाव कुणाचं आहे?"

"यांचंच, ताई."

"वाचून दाखवा."

"अहो, आम्ही दोघींनी आत्ता तपासलंय."

"वाचून दाखवा तिला, सिस्टर," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "नाहीतर ती बाटली उलटी करून बघेल."

नर्सने नाव वाचलं, औषध वाचलं, मास्तरांच्या मनगटावरच्या पट्टीशी जुळवून दाखवलं. सगळं बरोबर होतं. भिंगबाईने मान हलवली, खुर्ची मास्तरांच्या हाताशी आणली आणि बसली. नर्सची पाठ फिरताच ती उठली आणि बाटलीवरचं नाव तिने पुन्हा एकदा, स्वतः, अक्षर अक्षर लावून वाचलं.